५५ वर्षांची सुबारू ३६० घेतली, आता दोन वर्षं झाली

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू वाचून कोणी उठून गाडी बुक करायला जाणार नाहीये हे मला माहितीय. पण ऑफिसमधले, गावाकडचे, शाळेच्या ग्रुपवरचे सगळे एकच विचारतात, "अरे ती डबी घेतलीस कशाला?" आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगून आता मलाच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्याला लिंक पाठवली की काम झालं.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली आठ वर्षं जपानमध्ये, गुन्मा प्रांतात ओता नावाच्या गावात राहतो. ओता म्हणजे सुबारूचं गाव. इथे पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणाचा ना कुणाचा तरी काका-मामा त्या फॅक्टरीत असतोच, आपल्याकडे आकुर्डी-चिंचवडला बजाज आणि टेल्कोचं असायचं तसं. मी सुबारूत नाही हां, दुसरीकडे आहे, त्यामुळे मला कोणी पैसे देऊन हे लिहायला लावलेलं नाही. रोजची गाडी साधी, एक दहा वर्षं जुनी हॅचबॅक. ही दुसरी.

गाडी कोणती ते सांगतो. सुबारू ३६०, १९६९ चं मॉडेल, दुधी रंग, मागे इंजिन, ३५६ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, एअर कूल्ड. लांबी तीन मीटरच्या आत, रुंदी १.३ मीटर. म्हणजे किती ते कळायला सांगतो, आपली जुनी मारुती ८०० हिच्या शेजारी उभी केली तर मारुती थोरली बहीण वाटेल. आणि मारुती ८०० तरी कुठून आली, सुझुकीच्या अशाच एका छोट्या गाडीतनं, तिच्यात ७९६ सीसीचं इंजिन टाकून. जपानमध्ये या छोट्या गाड्यांना 'केई' म्हणतात. पन्नासच्या दशकात सरकारनं ठरवलं की ३६० सीसीच्या आत, तीन मीटरच्या आत गाडी बसवा, टॅक्स कमी देतो. त्या मापात चार मोठी माणसं बसतील अशी खरीखुरी चालणारी गाडी करून दाखवली ती या सुबारूनं, १९५८ साली. किंमत होती ४ लाख २५ हजार येन. १९७० पर्यंत जवळपास ३ लाख ९२ हजार गाड्या बनल्या. तेव्हा दुर्मिळ नव्हती, उलट गल्लोगल्ली होती. आता मात्र रस्त्यावर दिसली तर लोक मोबाईल काढतात, आणि सगळ्यात पहिलं, १९५८-५९ चं बटाट्या डोळ्यांचं मॉडेल ज्याला इथे 'देमेकिन' म्हणजे बाहेर आलेल्या डोळ्यांचा गोल्डफिश म्हणतात, ते तर आपल्या खिशाचं कामच नाही. माझी शेवटच्या काळातली, म्हणून परवडली.

आता परवडली म्हणजे किती. १४ लाख येन, तेव्हाच्या भावानं रुपयात आठ लाखाच्या आसपास. बायकोला मी आधी बारा सांगितले होते, मग तिने बँकेचं ॲप बघितलं. असो.

घेतली शेजारच्या सायतामा प्रांतातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून, नाव घेत नाही. नेटवर फोटो बघितले, शनिवारी ट्रेननं गेलो. दुकानदार सत्तरीचे, फार अदबीनं बोलणारे, चहा दिला, गाडी चालू करून दाखवली. आणि इथेच माझा घात झाला बघा. ती चालू झाली, रिंग-डिंग-डिंग-डिंग असा आवाज आला, मागनं निळसर धूर निघाला आणि तो वास आला. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना तो वास सांगायची गरज नाही. बाबा सकाळी साडेसातला स्कूटर तिरकी करून दोन किका मारायचे आणि आख्ख्या वाड्यात तो वास पसरायचा, मग आई आतनं ओरडायची की दार लावून घ्या. मी दुकानात उभा आणि डोक्यात ते सगळं. त्यानंतर त्यांनी अंडरबॉडीबद्दल जे काय सांगितलं ते मी नीट ऐकलंच नाही. दुकानदार म्हणाले फ्लोअर सगळं केलेलं आहे, काळजी नको. मी हो हो म्हणालो. खाली वाकून टॉर्च मारून बघायला पाच मिनिटं लागली असती. नाही बघितलं. तीन महिन्यांनी पावसात पायाखाली ओल आली म्हणून मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या बाजूला काळा अंडरकोट फासून त्याखाली पत्रा पापडासारखा झालेला. फोन केला तर तितक्याच अदबीनं उत्तर आलं की जुनी गाडी आहे ना साहेब. वर सॉरी पण दहा वेळा म्हणाले, पैसे एक येन नाही. इथे लोक भांडत नाहीत, भांडायला गेलं तर आपणच वेडे दिसतो.

तर घेणाऱ्याला पहिली गोष्ट हीच, या गाडीचा पत्राच मुळात पातळ. वजन कमी करायला ०.६ मिलिमीटरचा पत्रा वापरलाय आणि मजबुती यावी म्हणून सगळीकडे गोलवा दिलाय, अंड्याच्या कवचासारखा. छप्पर तर पत्र्याचं नाहीच, फायबरचं आहे. पहिल्या गाडीचं वजन ३८५ किलो होतं. हे असं का सुचलं तर करणारे लोक विमानवाले. युद्धाच्या आधी इथे ओतामध्ये नाकाजिमा नावाची मोठी विमान कंपनी होती, हरल्यावर विमानं बनवायला बंदी आली, मग त्याच कारखान्यांनी स्कूटर बनवायला घेतल्या, रॅबिट नावाच्या, आणि त्यातूनच पुढे १९५३ ला फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली, तीच आताची सुबारू. मोमोसे शिनरोकू म्हणून इंजिनिअर होते, तेही विमानाच्या इंजिनवाले, त्यांनी ही गाडी केली. विमानाचा माणूस ग्रॅम ग्रॅम मोजतो. पण विमानाला कोणी पन्नास वर्षं पावसात पार्क करून ठेवत नाही ना, म्हणून गंज. टाचणी घेऊन जा, पत्र्यावर टोचून बघा, दुकानदाराला राग आला तर येऊदे.

सुबारू म्हणजे काय माहितीय का, आपल्या कृत्तिका! आकाशातलं ते नक्षत्र. लोगोमध्ये सहा चांदण्या आहेत त्या त्याच. आईला हे सांगितल्यावर गाडीबद्दलचं तिचं मत एकदम बदललं, तोपर्यंत ती "खेळणं" म्हणत होती.

आई-बाबा गेल्या वर्षी आले होते तेव्हाचा किस्सा सांगतो. या गाडीचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. इंग्लिशमध्ये त्याला जे काही भयानक नाव आहे ते असूदे, पण साडी नेसलेल्या बाईसाठी यासारखं दार नाही. आई आधी सीटवर टेकली, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवले, पदर सावरला, झालं. आमच्या हॅचबॅकमध्ये चढताना तिचा गुडघा दुखतो, यात नाही दुखला. आत बसल्यावर म्हणाली, "बाहेरनं एवढीशी दिसते, आत जागा आहे की रे." आणि खरंच आहे. चाकं १० इंची, म्हणजे चेतकच्याच मापाची, पार चार कोपऱ्यात ढकललेली, इंजिन मागे आडवं बसवलेलं, काचा सरकवायच्या त्यामुळे दाराला जाडी नाही आणि दाराच्या आत हा एवढा मोठा खण, त्यात छत्री, पाण्याच्या बाटल्या, आईची पर्स, फरसाणाचं पाकीट सगळं मावलं. माझी उंची पाच फूट नऊ, डोकं लागत नाही. मागे मात्र दोन मोठी माणसं बसली की गुडघे पुढच्या सीटला, अर्ध्या तासाच्या वर कोणी बसू नये. चौघं बसतात हे खरं, चौघं खूश असतात असं मी म्हणणार नाही.

बाबा पुढे माझ्या शेजारी. गप्प. चढावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ओढत होतो तर म्हणाले, "घुसमटतीय, खाली घे." बरोबर होतं. या इंजिनला खालच्या आरपीएमला जीवच नाही, २५ हॉर्सपॉवर आहे पण ती सगळी वरच्या मजल्यावर राहते. पहिल्या मॉडेलला तर १६ च होती. त्यामुळे आवाज वाढला म्हणून घाबरून गिअर वर टाकला की मेली, उलट तिला किंचाळू द्यायचं. आणि उतारावर उलटं, टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच, ॲक्सिलरेटर सोडला तरी ती आपली घरंगळत जाते, चारी ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या गाडीच्या मागे जेवढं अंतर ठेवाल त्याच्या दुप्पट ठेवा. मी हायवेवर एकदाच नेली, दोन एक्झिटपुरती, बाजूने ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. पुन्हा नाही. गुन्मात हिवाळ्यात कराक्काझे म्हणून कोरडा उत्तरेचा वारा सुटतो, अकागी डोंगरावरनं खाली येतो, सायकलवाले उतरून चालायला लागतात असा. त्या दिवशी गाडी कव्हरखाली. चारशे किलोच्या आसपासची वस्तू, वाऱ्याशी कशाला पंगा.

अकागीवरून आठवलं. ही गाडी बनवताना चाचण्या याच अकागीच्या घाटात झाल्या होत्या, माणसं भरून वर चढवायची, इंजिन तापून बसायचं, खाली आणून खोलायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा वर. मला पण आपली वारी करायची होती. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पानं लाल झाली होती तेव्हा निघालो, एकटाच, वर ओनुमा तळं आहे १३०० मीटरच्या वर, तिथे जाऊन चहा प्यायचा आणि परत यायचं. अर्ध्या घाटात एका वळणावर थांबलो फोटोला, तर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, खाली येईना. पाय काढलेला, तरी इंजिन आपलं वीईईईं करत वर वर चाललेलं. मला वाटलं केबल अडकली. केबल ठीक. चोक बंद. मग चावी फिरवून बंद केली आणि बसलो कठड्यावर.

चेतकवाल्यांना कळलं असेल. ऑइल सील. क्रँकच्या टोकाला रबराची सील असते, ती जुनी होऊन कडक झाली की तिथनं हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप पळतं आणि तापतं, तसंच दामटलं तर पिस्टन चिकटतो आणि मग आठ लाखाचा फ्लॉवरपॉट. मी दामटलं नाही, टो ट्रक बोलावला. तो ड्रायव्हर गाडी चढवायच्या आधी दहा मिनिटं फोटो काढत होता.

तेव्हा मला शेजारच्या इसेसाकी गावचे तात्या भेटले. तात्या हे आम्ही घरात ठेवलेलं नाव, खरे तर ते पक्के जपानी, वय वर्षं ७८, तीन खणांचं गॅरेज, भिंतीवर कॅलेंडर आणि खाली स्टोव्ह. टो ट्रकवाल्यानंच नेलं तिकडे. त्यांनी गाडीला कान लावला, म्हणजे खरंच वाकून लावला, आणि मान डोलावली. इंजिन एवढंसं आहे की त्यांनी आणि त्यांच्या नातवानं मिळून एका सकाळी खाली उतरवलं, क्रँक वेगळा केला, सील नवीन, बेअरिंग नवीन, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उकळून साफ केला. पेट्रोल टाकी इंजिनच्या वर असते, पंपच नाही, गुरुत्वाकर्षणानं पेट्रोल खाली येतं, त्या टाकीच्या तळाशी गंजाची चहापत्ती जमा झालेली ती पण काढली. बिल १ लाख ८० हजार येन. मी मनात तीन लाख धरून गेलो होतो. फ्लोअरचा पत्रा नंतर त्यांच्याच ओळखीच्या एकाकडे करून घेतला, ते वेगळे दोन लाख वीस हजार. तर हिशोब करा, चौदा प्लस चार, अठरा. घेताना सोळाची चांगली गाडी सोडून चौदाची 'स्वस्त' घेणारा मीच तो शहाणा.

पार्ट्सचं काय हे सगळे विचारतात. तुम्हाला वाटतं तेवढं वाईट नाही. लाखांनी विकलेली गाडी असल्यामुळे लोकांच्या शेडमध्ये अजून इंजिनं पडलेली आहेत, ऑक्शनवर रोज काही ना काही दिसतं, आणि रबराचे पार्ट हौशी लोक मिळून थोडे थोडे नवीन बनवून घेतात. अडचण कुठेय तर बारीकसारीक गोष्टींची, इंडिकेटरची काच, दाराचं हँडल, मीटरची कडा. ते मिळालं की लगेच घ्यायचं, लागो न लागो. माझ्याकडे आता दोन टेललाइट कपाटात साड्यांच्या खाली आहेत. टायर १० इंची म्हटल्यावर बाबांनी लगेच विचारलं होतं की साताऱ्याहून चेतकचा आणू का. रिमचा आकडा तोच पण टायर तो नव्हे हो बाबा, गाडीचा वेगळा, आणि तोही मागवून घ्यावा लागतो.

कागदपत्रांचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं, ते सगळ्यात सोपं निघालं. केई गाडी असल्यामुळे मोठ्या गाडीसारखं रजिस्टर्ड शिक्क्याचं (इथे सहीऐवजी शिक्का, आणि तो सरकारदरबारी नोंदवलेला) लफडं नाही, रहिवासाचा दाखला घेऊन गेलो, अर्ध्या दिवसात नाव लागलं. आपल्या आरटीओत मी जेवढे दिवस घालवलेत ते आठवून मला तिथल्या खुर्चीवर बसून जरा रडूच आलं. नंबर प्लेट एवढीशी मिळते, २३० बाय १२५ मिलिमीटर, आणि पांढरी, आत्ताच्या केई गाड्यांना पिवळी आणि मोठी असते. ही छोटी पाटी म्हणजे इथल्या हौशी लोकांचा दागिना, ओळखणारे लांबूनच ओळखतात. टॅक्स वर्षाला १२,९०० येन, नवीन केईला १०,८०० आहे, म्हणजे जुनी गाडी सांभाळली म्हणून सरकार तुम्हाला बक्षीस नाही, दंड करतं. १३ वर्षांच्या वरची झाली की जास्त. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या मागे लागलेत तसंच, फक्त इथे नम्रपणे. दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी. धुराची भीती होती पण टू-स्ट्रोकला मर्यादा वेगळी आहे, तात्यांनी आदल्या दिवशी प्लग बदलून, वीस किलोमीटर खच्चून चालवून मग नेली, पास.

पेट्रोल भरणं हा एक कार्यक्रम असतो. सेल्फ सर्व्हिसला मी जातच नाही, मुद्दाम माणसं असलेल्या पंपावर जातो. तो पोरगा नळी घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि झाकण काही सापडत नाही. मग मी उतरून मागचं इंजिनचं बॉनेट उघडतो, झाकण आत, इंजिनच्या वर. गरम इंजिनच्या डोक्यावर पेट्रोल ओतायचं, हे डिझाइन आज कोणी मंजूर केलं असतं का देव जाणे. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल पेट्रोलमध्ये हातानं मिसळायला लागायचं, झाकणाचाच माप म्हणून उपयोग करायचा. आपल्याकडे पंपावर टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑइलचं, ते प्लास्टिकचं यंत्र असायचं आणि बाबा त्या माणसाच्या हाताकडे डोळे लावून बसायचे की चाळीस मिली पूर्ण पडतंय का. १९६४ पासून सुबारूनं वेगळी ऑइल टाकी दिली, आपोआप मिसळतं, नाव काय तर सुबारूमॅटिक. तेव्हा सगळ्यालाच मॅटिक लावायची फॅशन असावी. मायलेज मला १५-१६ मिळतं, चढ नसेल तर.

अमेरिकेत हिचं काय झालं ते पण सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल हा फक्त कौतुकच करतोय. १९६८ ला माल्कम ब्रिकलिन नावाचा एक उद्योगी माणूस ही गाडी तिकडे घेऊन गेला. वजन एक हजार पाउंडाच्या आत असल्यामुळे तिथले सुरक्षेचे नियम लागू होत नव्हते, ही पळवाट. जाहिरातीत गाडीला स्वस्त आणि कुरूप म्हणवून घेतलं. आणि १९६९ ला, माझी गाडी बनली त्याच वर्षी, कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाच्या तिथल्या ग्राहक मासिकानं तपासणी करून शिक्का मारला, 'नॉट ॲक्सेप्टेबल'. धंदा बसला. मी ते वाचलं तेव्हा राग आला होता, पण आता वाटतं त्यांचं चूक नव्हतं, अमेरिकेच्या त्या जहाजासारख्या गाड्यांमध्ये हिला सोडणं म्हणजे पुणे-बंगलोर हायवेवर तीनचाकी सायकल. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मी हिच्यात रस्त्यावर नेत नाही. मागे बेल्ट नाहीत, पुढे माझ्या पायासमोर इंजिनसुद्धा नाही, स्टेपनी आणि पत्रा एवढंच. ती पार्किंगमध्ये बसून हॉर्न वाजवते, तेवढ्यावर भागवलंय. नियमाने चालत असेल नसेल, मला नाही चालत.

उन्हाळ्याचं बोलायलाच नको. एसी नाही, आणि इसेसाकी-ताते‌बायाशी हा पट्टा जपानमधला सगळ्यात तापणारा, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते चार फायबरच्या छपराखाली बसणं म्हणजे आपण वाफवलेले मोदक. हिवाळ्यात हीटर आहे, इंजिनची गरम हवा नळीतनं आत येते, सोबत वास पण येतो. बायको एकदा बसली लग्नाच्या वाढदिवसाला, नीट तयार होऊन, आणि रेस्टॉरंटमध्ये पोचल्यावर म्हणाली माझ्या केसांना पेट्रोल पंपाचा वास येतोय. त्या दिवसापासून एकत्र जायचं असेल तर हॅचबॅक.

मग एवढं सगळं असून ठेवलीस का? तर रविवारची सकाळ. सहाला उठायचं, चोक ओढायचा, पहिल्या फटक्यात चालू होते, थोडा वेळ खोकते, मग लय लागते. गल्ल्यांमधनं, भाताच्या शेतांमधनं, ताशी चाळीस-पन्नासनं, ५० लासुद्धा असं वाटतं की आपण शंभरला आहोत. आणि जिथे थांबाल तिथे माणसं येतात. आधीच्या सहा वर्षांत माझ्याशी स्वतःहून बोललेल्या जपानी लोकांची संख्या एका हाताच्या बोटांवर होती, बिचारे लाजतात, भाषा वेगळी, चेहरा वेगळा. ही गाडी घेतल्यापासून कॉन्बिनीच्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, पार्किंगमध्ये दहा मिनिटं एकटं उभं राहता येत नाही. आजोबा लोक तर लांबूनच "तेंतोमुशी!" म्हणत येतात. तेंतोमुशी म्हणजे तो लाल पाठीचा काळ्या ठिपक्यांचा छोटा गोल किडा, तेच हिचं लाडाचं नाव. फोक्सवॅगनच्या बीटलला काबुतोमुशी, म्हणजे शिंगवाला मोठा भुंगा, आणि त्याच्यापुढे ही चिमुकली. एका आजींनी दाराच्या कडेवरनं हात फिरवला आणि सांगितलं की लग्न झाल्यावर नवऱ्यानं आणलेली पहिली गाडी हीच, चार पोरांना घेऊन समुद्र बघायला गेलो होतो. गुन्माला समुद्र नाही हो, प्रांताच्या चारी बाजूला जमीन. म्हणजे या गाडीत सहा जणं डोंगर ओलांडून गेली असणार. मी हिशोब करत होतो कसे बसले असतील, आजी आपल्या हसत होत्या.

त्या दिवशी घरी येताना मला इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची मीरा गाडी आठवली. त्यांनी पण अशीच सामान्य माणसाला परवडणारी छोटी गाडी स्वतःच्या हिमतीवर बनवली होती, मॉडेलवर मॉडेल केली, पण कारखाना काही उभा राहिला नाही. तिला असं कोणी पार्किंगमध्ये येऊन हात लावून सांगणार नाही की आमची पहिली गाडी हीच. जाऊदे, विषय निघाला की मी भरकटतो.

कोणी घेऊ नये ते सांगतो : एकच गाडी ठेवायची असेल त्यांनी, कव्हर्ड पार्किंग नसेल त्यांनी, जवळपास तात्या नसतील त्यांनी. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आधी मेकॅनिक शोधा मग गाडी, मी उलटं केलं आणि नशिबानं वाचलो. आणि भारतात नेता येईल का असं विचारणाऱ्या दोघा-तिघांना, बाबांनो, ड्युटी आणि कागद बघून मीच गप्प बसलोय.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी थंड इंजिन चालू करायला सांगा, आधी तापवून ठेवलेलं नको. दहा मिनिटं चालवा, मग उभी करा आणि आयडल ऐका, खाली येऊन शांत बसतंय की चढतंय. मॅट उचला. पाऊस पडलेल्या दिवशी बघायला जा, फायबरचं छप्पर जिथे पत्र्याला जोडलंय तिथली रबरं गेली असतील तर लगेच दिसतं. आणि शक्य असेल तर अशा माणसाला सोबत न्या ज्याच्या घरी कधीच चेतक नव्हती, कारण तुमची अक्कल त्या वासानं जाणार आहे.

मार्क द्यायचे तर जागेला पाचात पाच, ब्रेकला दीड, त्या सायतामाच्या दुकानाला चहाचा एक, तात्यांना किती द्यायचे ते द्या.

बाबा परत जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना चावी दिली, रस्त्यावर नाही, लायसन नाही ना, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. ७३ वय. बसले, आरसा नीट केला, चोक ओढला, चालू केली, दोन चकरा मारल्या, एकदाही बंद पडू दिली नाही. उतरले आणि पहिल्यांदा मागे गेले, वाकून खाली बघितलं, बोट लावलं, नाकाला लावलं. म्हणाले, "ऑइल गळतंय थोडं, पेपर टाकत जा खाली, घरमालक ओरडेल."

टाकतो. घरमालकांच्या वडिलांकडे पण हीच होती, ते काही बोलत नाहीत.